पब व्हेज आहे, पण ग्लासात काय आहे?

गेल्या महिन्यात शाकाहारी माणसाने बाहेर जेवताना काय काय बघावं यावर थोडंसं लिहिलं होतं, त्यानंतर पत्रं आणि मेसेज आले ते बहुतेक सगळे एकाच गोष्टीवर, ती म्हणजे हल्ली निघालेले प्युअर व्हेज पब आणि तिथे मित्रमैत्रिणींबरोबर दुपारचं जेवण. म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच देतेय. मी बरीच वर्षं हॉटेलच्या किचनमध्ये काम केलंय, त्यामुळे जे सांगतेय ते आतून बघितलेलं आहे.

प्रश्न : आम्ही शाळेतल्या सहा मैत्रिणी, दर दोन महिन्यांनी रविवारी दुपारी कुठेतरी जेवायला भेटतो. सगळ्या शाकाहारी, दोघी अंडंही खात नाहीत. यावेळी बाणेरला एका प्युअर व्हेज पबमध्ये गेलो, तिघींनी बिअर घेतली, तिघींनी मॉकटेल. छान गप्पा रंगल्या होत्या आणि एकीच्या मुलाचा मेसेज आला की आई बिअरमध्ये मासा घालतात, गूगल कर. मग कोणाचंच मन लागेना, अर्धे ग्लास तसेच राहिले. खरंच असं असतं का? आणि मग बाहेर एवढं मोठं प्युअर व्हेज लिहिलंय त्याचा अर्थ काय? — एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, मुलाने सांगितलं ते खोटं नाही, पण त्यावरून तुमच्या ग्लासात मासा होता असंही ठरत नाही.

बिअर तयार झाली की तिच्यात यीस्ट तरंगत असतं त्यामुळे ती गढूळ दिसते. ती लवकर नितळ व्हावी म्हणून तिच्यात असं काहीतरी घालतात जे यीस्टला धरून तळाशी नेऊन बसवतं, पावसाळ्यात गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो ना, तोच प्रकार. इंग्लंडमध्ये त्यासाठी आयसिंग्लास नावाची वस्तू वापरायची जुनी पद्धत आहे आणि ती माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनते. पिशवी काढून वाळवतात, मग विरघळवून बिअरच्या पिंपात घालतात. आधी स्टर्जन माशाची लागायची, ती महाग पडायची, मग 1795 मध्ये विल्यम मर्डॉक नावाच्या स्कॉटिश इंजिनियरने कॉड माशापासून तीच गोष्ट स्वस्तात करून दाखवली. ती पिंपाच्या तळाला गाळात बसते हे खरं, पण थोडाफार अंश वर राहू शकतो, आणि ज्याला मासा चालतच नाही त्याच्यासाठी अंश काय आणि तुकडा काय. गिनेससारख्या जुन्या कंपनीनेसुद्धा 2015 साली जाहीर केलं की आम्ही ही पद्धत बंद करतोय, आणि पुढच्या दोनतीन वर्षांत बंद केलीही.

आता आपल्या पुण्याचं बघू. इथे 2009 मध्ये डूलाली नावाची ब्रुअरी सुरू झाली, मग मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर, बालेवाडी असं करत जागेवर बिअर बनवणाऱ्या ब्रुअरी वाढत गेल्या, आणि त्यात लोकांना सगळ्यात जास्त आवडली ती व्हीट बिअर म्हणजे गव्हाची. तिचं जर्मन नाव हेफेवायझन, हेफे म्हणजे यीस्ट आणि वायझन म्हणजे गहू. ही बिअर गढूळच असते, गढूळच ठेवायची असते, केळं आणि लवंगेसारखा तो वास येतो ना तो त्या यीस्टमुळेच. तिला नितळ करायचा प्रश्नच येत नाही तर मासा कशाला घालतील! तुम्ही तिघींनी गढूळ पिवळी बिअर घेतली असेल तर बहुतेक हीच, आणि मग काळजीचं कारण फारसं नाही. बाटलीतली लागर, म्हणजे नेहमीची नितळ बिअर, कंपन्या सहसा मशीनने गाळतात. शिवाय नितळ करायला शाकाहारी वस्तूही भरपूर आहेत, आयरिश मॉस म्हणून एक आहे तो खरा समुद्रातला शेवाळाचा प्रकार, सिलिका वापरतात, नुसतं थंड करून काही दिवस ठेवलं तरी बराच गाळ खाली बसतो.

पण तुम्ही म्हणाल बहुतेक म्हणजे काय, नक्की सांगा. नक्की तुम्हाला ती बिअर बनवणाराच सांगू शकतो, बाहेरचा बोर्ड नाही सांगू शकत. कारण आपल्याकडे पॅकेटवर जो हिरवा ठिपका असतो त्याच्या नियमातून दारूला सूट आहे. बिस्किटाच्या पुड्याला ठिपका लागतो, बिअरच्या बाटलीला नाही. म्हणजे प्युअर व्हेज बोर्ड लावणाऱ्या माणसाने अगदी मनापासून लावलेला असला तरी तो त्याच्या किचनबद्दल बोलतोय, बारच्या मागच्या बाटल्यांवर काही लिहूनच आलेलं नसतं तर तो तरी कुठून वाचणार. यात फसवाफसवी आहे असं मला वाटत नाही, कोणी विचारत नाही म्हणून कोणी शोधत नाही एवढंच आहे, आणि म्हणूनच विचारलं पाहिजे.

विचारायचं कसं तेही सांगते. रविवारी दीड वाजता पब गच्च भरलेला असताना टेबलावर आलेल्या वेटरला विचारू नका, तो बिचारा हो हो सगळं व्हेज मॅडम म्हणून पुढच्या टेबलाकडे पळेल. आदल्या दिवशी चारच्या सुमाराला फोन करा, तेव्हा सगळीकडे शांतता असते, आणि ब्रुअर किंवा बार मॅनेजरला बोलवा म्हणावं. प्रश्न असा विचारा, बिअर क्लिअर करायला काय वापरता, आयसिंग्लास किंवा जिलेटिन वापरता का. बिअर व्हेज आहे का असं विचारलंत तर उत्तर हो असंच येणार कारण समोरच्याच्या डोक्यात फक्त जव आणि हॉप्स येतात. नाव घेऊन विचारलंत की समोरचा थांबतो, विचार करतो, माहीत नसेल तर आत जाऊन विचारून येतो. सहापैकी एकीने हे काम अंगावर घ्यायचं आणि ग्रुपवर टाकून द्यायचं, मग टेबलावर बसल्यावर तो विषय परत काढायचा नाही.

आणि एक गोष्ट आवर्जून लिहितेय कारण त्या मेसेजमुळे तुम्हाला सगळ्या व्हेज पबवरच शंका आली असेल. ज्या पबमध्ये दोन्ही मिळतं तिथे काय होतं माहितीये का, एकाच कढईत, आता फ्रायर म्हणतात, त्यात आधी चिकन विंग्ज तळले जातात आणि मग तुमचे फ्राइज. तंदूर एकच, त्यात सळ्या शेजारी शेजारी. मी अशा किचनमध्ये काम केलंय, गर्दीच्या वेळी वेगळं फ्रायर, वेगळा चिमटा हे सगळं कागदावर राहतं. प्युअर व्हेज पबमध्ये ही भानगडच नाही. जेवणाच्या बाबतीत तुमच्या सहा जणींसाठी ती जागा खरंच जास्त निश्चिंत आहे, प्रश्न काय तो ग्लासापुरताच.

प्रश्न : ऑफिसचा आमचा सात जणांचा ग्रुप आहे, कधीतरी शुक्रवारी दुपारी टीम लंच पबमध्ये असतं. मी अंडं खात नाही. मित्राच्या व्हिस्की सावरवर पांढरा फेस होता, तो म्हणाला अंड्याचा आहे. व्हेज पबमध्ये अंड्याचा फेस कसा काय? अजून कशाकशात असं लपलेलं असतं? — हडपसर

उत्तर : व्हिस्की सावरमध्ये अंड्याचा पांढरा बलक घालायची जुनी पद्धत आहे, कच्चाच असतो, त्याने फेस घट्ट आणि मऊ होतो. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमात अंडं नॉनव्हेजमध्ये धरलंय त्यामुळे प्युअर व्हेज म्हणवणाऱ्या जागेत ते असायलाच नको. बहुतेक चांगले व्हेज बार फेसासाठी छोले शिजवलेलं पाणी वापरतात, घरी करून बघा, ते दाट पाणी घुसळलं की अंड्यासारखाच फेस येतो. मित्राच्या ग्लासात काय होतं ते मला इथून कळणार नाही, बारटेंडर सांगेल.

बाकी लक्षात ठेवायच्या जागा म्हणाल तर ब्लडी मेरी आणि तसल्या टोमॅटोवाल्या ड्रिंकमध्ये वूस्टरशायर सॉस पडतो, मूळच्या सॉसमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात, हिरव्या ठिपक्याचाही मिळतो पण बाटली बघायला मागा. जेली शॉटमध्ये जिलेटिन, म्हणजे जनावरांची हाडं कातडी उकळून काढलेलं, त्याऐवजी चायना ग्रास वापरलाय का विचारा. चीजकेक आणि मूसमध्ये सुद्धा जिलेटिन येऊ शकतं. लालभडक सिरप असेल तर लेबलवर आयएनएस 120 लिहिलंय का बघायचं, तो कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला रंग. वाइन नितळ करायला अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसिन, जिलेटिन, आयसिंग्लास यातलं काहीही वापरतात, किंवा बेंटोनाइट नावाची माती वापरतात, माती असेल तर प्रश्न मिटला. थाई करीत फिश सॉस, किमचीत पण. पास्त्यावर पार्मेजान म्हणून जे किसून टाकतात ते मूळ इटलीतलं असेल तर वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या, दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाशिवाय ते बनतच नाही, तिथला नियमच तसा आहे, पण आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचं चीज सहज मिळतं आणि व्हेज पबने तेच वापरलं पाहिजे.

हे सगळं मी एवढ्या बारीक का लिहितेय ते सांगते. खूप वर्षांपूर्वी मी जिथे कामाला होते तिथे सीझर सॅलड व्हेज मेनूत होतं, कारण त्यात चिकन नव्हतं. ड्रेसिंग तयार बाटलीतलं यायचं आणि त्यात अँकोव्ही आणि अंडं दोन्ही होतं, लेबल इंग्रजीत बारीक अक्षरात, आम्ही कोणी वाचलंच नव्हतं, मीही नाही. एक आजी नातवंडांबरोबर यायच्या, प्रत्येक वेळी तेच सॅलड मागवायच्या, छान आंबट आहे म्हणायच्या. ज्या दिवशी मी ते लेबल वाचलं त्या दिवशी मी ते मेनूतून काढायला लावलं, पण त्या आजींना जाऊन सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्या गेल्या असतील आता. तो चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. म्हणून सांगते, तुम्ही विचारलंत तर कोणाला त्रास देताय असं अजिबात समजू नका, किचनमधल्या माणसालाही कोणीतरी विचारावं लागतं तेव्हा तो लेबल वाचतो.

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधली एक मैत्रीण माळकरी आहे. दारू नाही, मांसाहार नाही, पण ग्रुपमध्ये तिचा जीव आहे. बाकीच्यांना व्हेज पबला जायचंय, काही जण म्हणतात व्हेज आहे मग तिला काय हरकत. मला वाटतं तिला विचारणंच अपमानाचं होईल. काय करू? — सिंहगड रोड

उत्तर : विचारणं अपमानाचं नाही, न विचारता परस्पर ठरवणं जास्त लागतं, मग ते ती येणार नाही असं धरून चालणं असो किंवा व्हेजच तर आहे असं म्हणून ओढून नेणं असो. ग्रुपवर मात्र विचारू नका, तिथे सगळ्यांसमोर तिला हो म्हणावंच लागेल. एकटीला फोन करा, सरळ सांगा की बाकीच्यांच्या डोक्यात हे चाललंय, तिथे काही जण पिणार आहेत, तुला बसायला जड जाईल का.

माळ घालताना तिने जे कबूल केलंय ते स्वतःच्या तोंडापुरतं आहे का ज्या जागी दारू आहे तिथे पायही ठेवायचा नाही असं आहे, हे प्रत्येकाचं वेगळं असतं, मला दोन्ही प्रकारची माणसं माहितीयेत. आमच्या नात्यातले एक जण वारीला जातात आणि भाच्याच्या पार्टीला पबमध्ये येऊन ताक मागवून आनंदाने बसतात, आणि एक जण परमिट रूमवाल्या हॉटेलात चहासुद्धा घेत नाहीत. दोघंही बरोबर आहेत. तिचं उत्तर जे येईल ते तसंच घ्यायचं, त्यावर परत अगं पण असं सुरू करायचं नाही.

ती येते म्हणाली तर थोडी तयारी तुम्ही करा. एकादशी टाळा, हे मुद्दाम सांगतेय कारण रविवारी एकादशी आली तर ग्रुपमध्ये कोणाच्या लक्षात येत नाही आणि मग ती बिचारी सगळ्यांसमोर साबुदाणा शोधत बसते. बसायला गेल्यावर आधी जेवण मागवा मग ड्रिंक्स, म्हणजे पहिला अर्धा तास सगळ्यांच्या पुढ्यात सारखंच काहीतरी असेल. तिचं पेय वेगळं, तिचा ग्लास वेगळा, आणि समोरची बिअर तिच्या ताटावरून इकडून तिकडे करायची नाही. आणि प्लीज, तिचं जेवण पोटभर होईल असं मागवा. पबचा व्हेज मेनू म्हणजे पनीर चिली, पनीर टिक्का, चीज चेरी, मसाला पापड, सगळा चखणा, पिणाऱ्याला तो पुरतो, न पिणाऱ्याला दीड तासाने भूक लागते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. डाळ, भाजी, भात, रोटी असं काहीतरी आहे का ते फोनवर आधीच विचारून ठेवा.

ती नको म्हणाली तर यावेळी टिळक रोडच्या बाजूला दुर्वांकुर किंवा आपटे रोडला श्रेयस, थाळी घ्या, दोन तास बसा. पब पुढच्या वेळी जाता येईल, ज्यांना जायचंय ते जातील. सगळ्यांनी प्रत्येक ठिकाणी गेलंच पाहिजे असं थोडंच आहे.

प्रश्न : मी पीत नाही. दर वेळी बिल समान भागतात आणि माझ्या वाट्याला जेवणाच्या दुप्पट पैसे येतात. बोललो तर कंजूष वाटेल. — एरंडवणे

उत्तर : अजिबात वाटणार नाही, फक्त बिल आल्यावर बोलू नका, बसल्याबसल्या कॅप्टनला सांगा की जेवणाचं आणि बारचं बिल वेगळं करा. त्यांना ते सोपं असतं कारण दोन्हींचा टॅक्सच वेगळा असतो, जेवणावर साध्या रेस्टॉरंटमध्ये 5 टक्के जीएसटी आणि दारूवर जीएसटी लागतच नाही, राज्याचा व्हॅट लागतो. समजा जेवण 4,800 झालं आणि तुम्ही सहा जण, तर प्रत्येकी 800 अधिक 40 जीएसटी, 840 द्यायचे आणि मोकळे. बारचं बिल ज्यांनी घेतली त्यांनी आपापसात वाटावं, त्यांना पण यात काही वावगं वाटत नाही, उलट कोणीतरी बोललं याचं बरं वाटतं. मॉकटेल घेतली असेल तर ती मात्र तुमच्या हिशोबात धरा, पबमधली मॉकटेल काही स्वस्त नसते.

आणि सर्व्हिस चार्ज. तो सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्ये तसे नियम काढले, हॉटेलवाले कोर्टात गेले आणि दिल्ली हायकोर्टाने मार्च 2025 मध्ये ते नियम कायम ठेवले. सेवा आवडली तर वेटरच्या हातात टिप द्या, ती त्याला मिळते.

प्रश्न : मुलगी 20 वर्षांची आहे, मैत्रिणींबरोबर रविवारी व्हेज पबमध्ये लंचला जायचं म्हणते. व्हेज म्हणजे फॅमिली प्लेसच ना? — पिंपरी

उत्तर : काका, व्हेजचा आणि वयाचा काही संबंध नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 वर्षं पूर्ण लागतात आणि हार्ड लिकरसाठी 25, कायदा 1949 च्या दारूबंदी कायद्यातूनच आलेला आहे, परमिट रूम हा शब्दही तिथलाच, परवाना असणाऱ्याने प्यायची खोली. दुपारी जेवायला 21 च्या खालच्यांना आत घेतात की नाही हे प्रत्येक पबचं वेगळं, फोन करून विचारा आणि आयडी बरोबर द्या. तिच्याशी एवढं मात्र बोला की मैत्रिणींपैकी जी पिणार असेल तिने गाडी चालवायची नाही आणि हिने तिच्या मागे बसायचं नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की गुन्हा, पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि दुपारची वेळ आहे म्हणून काही कमी होत नाही. रिक्षा करा, कॅब करा.

प्रश्न : मी 62 वर्षांची, मे महिन्यात लेकीकडे इंग्लंडला चाललेय, ब्रिस्टलला. तिच्या मैत्रिणींनी मला जेवायला न्यायचं ठरवलंय, रविवारी दुपारी, शाकाहारी पबमध्ये. लेक म्हणते आई काळजी करू नकोस सगळं व्हेज आहे. मी आयुष्यात पबमध्ये गेलेली नाही, अंडं खात नाही. तिथे प्यावं लागतं का? काय मागवू? — सहकारनगर

उत्तर : काकू, जा, नक्की जा, लेकीच्या मैत्रिणी तुमच्यासाठी मुद्दाम शाकाहारी जागा शोधतायत यातच किती आलं. आणि पब या शब्दाला घाबरू नका. आपल्याकडे पब म्हटलं की अंधार आणि ढणढण गाणी आठवतात, तिकडे पब म्हणजे पब्लिक हाउस, मोहल्ल्यातली बसायची जागा, दुपारी आजीआजोबा असतात, लहान पोरं असतात, बऱ्याच ठिकाणी कुत्रीसुद्धा टेबलाखाली झोपलेली असतात. प्यावं अजिबात लागत नाही. लाइम अँड सोडा मागा, एल्डरफ्लावरचं सरबत मागा, जिंजर बिअर म्हणून जे असतं ते नावालाच बिअर, आल्याचं गोड पेय, तरी एकदा नॉन अल्कोहोलिक आहे ना विचारून घ्या. चहा पण बहुतेक ठिकाणी मिळतो.

पण लेक जे म्हणतेय ना सगळं व्हेज आहे, त्यात एक मोठा फरक आहे आणि तो तुम्हाला माहीत असायलाच हवा. तिकडे शाकाहारात अंडं धरतात. व्हेजिटेरियन सोसायटी तिथे 1847 मध्ये स्थापन झालीये, जगातली जुनी संस्था, त्यांच्याही व्याख्येत अंडं चालतं. म्हणजे व्ही लिहिलेल्या पदार्थात अंडं असू शकतं आणि त्यात त्यांची काही चूक नाही. यॉर्कशायर पुडिंग नावाची खोलगट पुरीसारखी दिसणारी गोष्ट ताटात असते, ती अंड्याचीच. मेयोनीज अंड्याचं, केक अंड्याचा, क्वॉर्न म्हणून जे मटणासारखं लागतं त्यातल्या बऱ्याच प्रकारात अंड्याचा पांढरा बलक.

ही अडचण आजची नाही. गांधीजी 1888 मध्ये लंडनला शिकायला गेले तेव्हा आईला शब्द देऊन गेले होते, आणि फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी रेस्टॉरंट सापडलं तेव्हा किती आनंद झाला ते त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. पुढे काही दिवस त्यांनी अंडी खाल्ली, तिथले काही शाकाहारी म्हणायचे अंडं म्हणजे मांस नव्हे, पण मग त्यांना वाटलं की शब्द आईला दिलाय तर मांस म्हणजे काय हे आईच्या समजुतीप्रमाणेच धरलं पाहिजे, आणि त्यांनी अंडी सोडली. त्यानंतर शाकाहारी हॉटेलात सुद्धा प्रत्येक पदार्थाबद्दल अंडं आहे का हे विचारावं लागायचं, कितीतरी पुडिंग आणि केक सोडावे लागले. एकोणीस वर्षांचा मुलगा परक्या देशात हे विचारत होता, तर तुम्हाला कसला संकोच!

सोपा मार्ग असा, मेनूवर व्हीगन लिहिलेलं बघा. व्हीगन म्हणजे अंडं नाही, दूध नाही, मध पण नाही. तुम्हाला दूध चालतं पण एका जेवणापुरतं बिघडत नाही. हल्ली तिकडे पूर्ण व्हीगन पबही आहेत, लंडनमध्ये हॅकनीत स्प्रेड ईगल नावाचा 2018 मध्ये निघाला होता. आणि व्हीगन नसेल असं काही आवडलं तर काउंटरवर ॲलर्जन शीट मागा. तिथल्या नियमाप्रमाणे ॲलर्जी होऊ शकते अशा 14 गोष्टींची माहिती हॉटेलला द्यावीच लागते, त्यात अंडं आहे, मासा आहे, दूध आहे. तक्त्यात अंड्याच्या रकान्यात खूण आहे का बघायचं, कोणाला काही समजावून सांगायची गरज पडत नाही. फक्त बिअर वाइन नितळ करायला वापरलेला आयसिंग्लास त्या तक्त्यात येत नाही, त्याला सूट आहे, पण तुम्ही घेणार नाही त्यामुळे तुम्हाला त्याचं काही नाही, लेकीला हवं तर सांगा. तिथे जी पिंपातली रिअल एल नावाची बिअर असते तिच्यात ही जुनी पद्धत अजून बरीच चालते, आणि सगळेच शाकाहारी पब तिकडे लक्ष देतात असं नाही.

मागवायचं काय? रविवार आहे म्हणजे संडे रोस्ट असणार, शाकाहारी पबमध्ये त्यात नट रोस्ट देतात, दाणे, ब्रेड, कांदा, मशरूम असं एकत्र करून भाजलेली जाड वडी, बरोबर भाजलेले बटाटे, गाजर, पार्सनिप आणि वरून दाट रस्सा त्याला ग्रेव्ही म्हणतात. आपल्या तोंडाला जरा सपक लागेल, मोहरीचा सॉस मागून घ्या, इंग्लिश मस्टर्ड चांगली झणझणीत असते. नट रोस्टमध्ये बांधायला अंडं घालतात कधीकधी, ते मात्र विचारायचं. भाजीपाव टाइप काही हवं तर प्लाउमन्स म्हणून मिळतं, ब्रेड, चीज, लोणच्यासारखं गोडआंबट पिकल, त्याच्या ताटात उकडलेलं अंडं असू शकतं, नको म्हणून सांगा. बाकी कुठल्या साध्या पबमध्ये गेलात तर चिप्सबद्दल विचारा, इंग्लंडच्या उत्तरेकडे अजून काही ठिकाणी गाईबैलाच्या चरबीत तळतात, शाकाहारी पबमध्ये ती काळजी नाही.

वेटर टेबलावर येईल म्हणून वाट बघत बसू नका, बहुतेक ठिकाणी आपणच बारवर जाऊन टेबल नंबर सांगून ऑर्डर द्यायची आणि तिथेच पैसे भरायचे. एक जण उठून सगळ्यांसाठी ड्रिंक आणतो, मग पुढच्या वेळी दुसरा, त्याला राउंड म्हणतात. मुली तुम्हाला पैसे देऊ देणार नाहीत, तरी एकदा तुम्ही उठा, लेकीला बरोबर घेऊन बारवर जा आणि एक राउंड तुमच्याकडून द्या, त्यांना फार आवडेल. भाकरवडीचं एक पाकीट पर्समध्ये असू दे, पण ते पबमध्ये काढू नका, बाहेर पडल्यावर द्या, बाहेरचं खाणं आत चालत नाही. आणि टेबल आधीच बुक करायला लेकीला सांगा, रविवारचा रोस्ट दुपारी लवकर संपतो, तीन वाजता गेलात तर फक्त चिप्स उरलेले असतील.